नाही म्हणणारी बाई

मला एका जागी बसवत नाही. चहासुद्धा मी उभ्यानंच पिते. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे. त्याचं काय जातं म्हणायला? तो रांजणगावला कंपनीच्या बसनं जातो आणि कंपनीच्या बसनं परत येतो. मी शिरूरला राहून लोकांच्या घरांचं इंटिरियर करते, आणि माझं एक काम रांजणगावला असलं तर दुसरं पार दौंडला असतं. मधल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे गाडी रखडली, की मला वाटत राहतं, आत्ता कुणीतरी कुठंतरी मी आखलेलं कपाट उखडतंय.

ही भीती उगाच नाही. आमच्याकडे घराचा आराखडा कुणीही पास केलेला असो, दुपारी घरातलं वडीलधारं माणूस साइटवर येतं, खुर्ची मागवतं आणि सुताराला सांगतं, "हे हितनं काढा, तिकडं घ्या." आणि कुठलाच कंत्राटदार आबा-आप्पांच्या तोंडावर नाही म्हणत नाही. म्हटलं तर काम राहील बाजूला, संध्याकाळपर्यंत गावभर होईल की माणूस उद्धट आहे.

माझ्या फर्निचरची कामं घेणारे, सगळेच ज्यांना मामा म्हणतात ते, यवतचे. त्यांच्या वडिलांनी मेंढरं राखली, यांनी हातात करवत घेतली. आता सुतार, पीओपीवाले, रंगारी, सगळे त्यांच्या हाताखाली. आमचं सूत जमलं ते माझ्या डिझाइनमुळे नव्हे. पहिल्याच कामावर मी वैतागून त्यांना म्हटलं होतं, "मामा, तुम्हाला नाही म्हणवत नसेल तर माझं नाव सांगा." ते त्यांना इतकं पटलं की तशी रीतच पडली. कुणी आबांनी भलतं काही सांगितलं, की मामा "व्हय आबा, करू की" म्हणायचे, बाहेर येऊन मला मिस्ड कॉल द्यायचे आणि एखादं दार पॉलिश पेपरनं घासत बसायचे. मी गाडी हाणत पोचायचे. मग मामा मान खाली घालून म्हणायचे, "मॅडम न्हाई म्हणत्यात आबा, मी काय करू?"

वाईटपणा माझा आणि कपाट जागच्या जागी. गावोगावचे मालक मला कजाग म्हणायचे आणि मामांना गुणाचा माणूस. याचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण माझ्याइतकी कुठल्याच डिझायनरची कामं आराखड्याबरहुकूम होत नव्हती. मामा आणि मी एका विचाराचे आहोत, असं मी धरूनच चालले होते.

वडगाव रासाईच्या बंगल्यावर मात्र मिस्ड कॉल आला नाही.

भीमेकाठी, उसाच्या मधोमध, जुन्या घराला लागून नवा बंगला. घरातले आबा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. दिवसभर त्यांच्याकडे लोकांची ऊठबस. धाकटी सून घरी बसून एका कंपनीचं काम करायची, कानाला फोन आणि समोर कॉम्प्युटर. पहिल्याच भेटीत ती मला मागच्या बाजूला घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला बाकी काय नको. येवढीशी खोली, एक टेबल, आन् दाराला आतनं कडी." मी हॉलच्या कोपऱ्यात पार्टिशन टाकून तशी खोली काढली. आबांनी आराखडा बघून मान डोलावली होती. वास्तुशांतीची तारीख धरली, पत्रिका वाटून झाल्या.

त्या दिवशी सकाळपासून मामांचा फोन नव्हता. काम सुरळीत चालू असतं तेव्हाही ते माप विचारायला फोन करतात. मला घरात थांबवेना. न्हावऱ्यावरून गाडी काढली आणि जाऊन बघते तर पार्टिशनचं अर्धं प्लाय उतरवलेलं. आबांना तिथं देवघर हवं होतं, संगमरवरी, हॉलमध्ये बसलेल्या माणसाला दिसेल असं.

मी मामांना बंगल्यामागं गाठलं. "फोन का नाही केला?"

"देवाला जागा द्यायचीय ताई. त्याला न्हाई कसं म्हणायचं?" मामा शांतपणे म्हणाले. "आन् सुनंला कशाला हवी वायली खोली? आमच्या सुना मागत्यात व्हय खोल्या?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मामा माझं नाव वापरत होते, पण त्यांना स्वतःला काय वाटतं हे मी कधी विचारलंच नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. आज त्यांना माझ्या नावाची गरजच पडली नव्हती.

सून जुन्या घराच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. मी विचारलं, "तुम्ही आबांना काही बोललात?"

"मी व्हय म्हणले."

"अहो, पण का?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "ताई, तुम्ही न्हाई म्हणा. आबा तुमच्यावर चिडले तर तुम्ही गाडीला किल्ली मारून शिरूरला जाताल. मला सांजच्याला हितंच वाढायचंय."

मी तडक बंगल्याच्या हॉलमध्ये गेले. आबा भावकीतल्या चार माणसांत बसले होते. मी म्हटलं, देवघराला जिन्याजवळची पूर्वेची जागा चांगली आहे, ही खोली राहू द्या.

"घर कुणाचं हाय?" आबांनी विचारलं.

"घर तुमचंच आहे आबा. पण ही खोली सूनबाईंसाठी काढलीय, ती मी मोडू देणार नाही."

चार माणसांत असं बोलायला नको होतं म्हणतात. एकांतात बोलले असते तर आबांनी ते कानाआड केलं असतं, हेही मला ठाऊक आहे. आबा आवाज न चढवता म्हणाले, "मामा, ह्यांना गाडीपतुर सोडा. उद्यापासनं काम तुम्हीच बघा."

"व्हय आबा," मामा म्हणाले.

ते 'व्हय' मला झोंबलं. मामांनी फाटक उघडून धरलं आणि मी त्यांच्याकडे न बघता गाडी काढली.

पुढचे दिवस माझं कशात चित्त लागेना. दौंडला एका किचनचं काम आम्ही दोघांनी आधीच घेतलं होतं, त्यामुळे मामांचं तोंड बघणं भाग होतं. आम्ही मापांपुरतं बोलायचो. वास्तुशांतीचं बोलावणं मला आलं नाही. कुणीतरी टाकलेले फोटो मी मोबाइलवर बघितले. मामा डोक्याला फेटा बांधून, हातात नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन आबांशेजारी उभे. मी बोटांनी फोटो मोठा करून मागची भिंत शोधत बसले, पण तिथं नुसत्या झेंडूच्या माळा. खोलीचं काय झालं ते मामांना विचारायला माझा हट्ट आडवा येत होता. त्या भावकीतली आणखी घरं माझ्याकडे येणार होती, ती गेली, त्याचंही मला वाईट वाटत होतंच.

मग एक दिवस दौंडच्या साइटवर प्लायवर पेन्सिलीनं रेघ मारता मारता मामाच म्हणाले, "ती खोली हाय, ताई."

"म्हणजे?"

"तुम्ही गेल्यावर सूनबाई त्याच कोपऱ्यात बसायच्या, प्लायच्या थप्पीवर. नाकाला वढणी, मांडीवर त्यो कॉम्प्युटर. फोन आला की हात वर करायच्या, मग आम्ही मशीन बंद करायची. परत चालू केली की परत फोन. एक फळी कापायला दुपार जायाची. पोरं म्हणाया लागली, मामा, हिला दार लावल्याबिगर हे घर काय व्हायचं न्हाई."

"आणि आबा?"

"त्यांना तुमचं नाव सांगितलं." मामांनी पेन्सिल कानावर ठेवली. "म्हणलं, त्या बाईनं हॉलचं समदं वायरिंग हितनं नेऊन ठिवलंय, पार्टिशन काढलं तर घरभर खोदावं लागंल, वास्तुशांत हुकंल. आबांनी लई शिव्या दिल्या तुम्हाला. मग तेच म्हणलं, लावा परत."

तिथून एक वायरही गेलेली नव्हती. हसावं की भांडावं मला कळेना. भांडलेच. "मला हे आधी सांगता आलं नाही?"

"तुम्ही कुठं बोलत व्हता?"

तेही खरंच. मी विचारलं, "सूनबाई काही म्हणाल्या का?"

"परवा गेल्तो बिजागरी आवळायला. दार आतनं लावल्यालं. वाजवलं तर आतनंच म्हणल्या, आत्ता न्हाई, काम चाललंय, मागनं या."

"मग?"

"मग काय, बसलो बाहीर. आबा आधीच बसलं व्हतं वाट बघत."