चोंग्याची बांगडी

सिंदेवाहीच्या बाजारामागच्या गल्लीत रहमतबी लाखेच्या बांगड्या करायची. जंगलातले लोक पळसाच्या, कुसुमाच्या झाडांवरची लाख आणून द्यायचे. ती शेगडीवर मऊ करून तिची लांब दोरी वळायची आणि लाकडी दांड्यावर फिरवून गोल करायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. बोलणं कमी, पण कोणतीही वस्तू साधी ठेवणं तिच्या जिवावर यायचं. घागरीच्या झाकणावरही तिनं लाखेचे ठिपके काढले होते.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात पोस्टातल्या टेलिफोनचा कानाला लावायचा चोंगा तडकला. तांदळाचा एक व्यापारी बोलता बोलता चिडला आणि त्यानं तो टेबलावर आपटला. आतल्या तारा शाबूत होत्या, बोलणं ऐकू यायचं, पण हातात घेतला की दांडा मधूनच वाकायचा. गावात टेलिफोन तो एकच. नवा चोंगा नागपूरहून यायला चार-सहा महिने लागणार होते. पोस्टमास्तर नथ्थूजींनी आधी सुतळी बांधून पाहिली, मग रहमतबीचं दार गाठलं.

"बाई, लाखेनं सांधता येईल काय?"

"बांगडी सांधते, तर हेही सांधन," ती म्हणाली आणि शेगडी घेऊन पोस्टात आली.

काजळी घातलेली काळी लाख तिनं तड्यावर गुंडाळली. काम तिथंच संपलं होतं. पण हात थांबेना. पिवळ्या-हिरव्या लाखेची दोन कडी आली, मधे बारीक काचमण्यांची ओळ बसली. दोन दिवस लोक फोन करायला कमी आणि चोंगा पाहायला जास्त आले.

आठवड्यानं शाळेच्या गुरुजींनी नथ्थूजींपुढे तळवा धरला. मण्यांचे लाल ठिपके ओळीनं उमटले होते. हे रहमतबीला कसं सांगावं, या विचारात नथ्थूजींचा एक दिवस गेला.

सांगितल्यावर ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाकावर येऊन बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात पाहत राहिली. व्यापारी चोंगा मुठीत आवळायचा. गुरुजी बोटांच्या टोकांनी धरायचे. शेजारच्या खेड्यातली भागीरथा नवऱ्याशी बोलायला आली, तिनं तो दोन्ही हातांनी धरला, काठोकाठ भरलेला गडवा धरावा तसा.

संध्याकाळी रहमतबी म्हणाली, "चूक माही हाये, मास्तर. बांगडी हाताले धरते. याले तर हात धरते."

तिनं मणी काढले. लाख पुन्हा मऊ केली आणि जरा निवल्यावर नथ्थूजींना चोंगा धरायला लावला. बोटांच्या खाचा उमटल्या. त्या खाचांमधून तिनं सुईनं धानाच्या लोंब्या काढल्या, दाणे इतके उथळ की हाताला फक्त खरबरीत लागावेत. घामानंही चोंगा निसटेना. रंग तिनं दोन्ही टोकांना ठेवला, जिथं बोटं पोचत नाहीत.

दसऱ्याच्या सुमाराला नागपूरचे तपासणी साहेब नवा चोंगा घेऊन आले. जुना त्यांनी फिरवून फिरवून पाहिला.

"हे कोणाच्या परवानगीनं केलं?"

"परवानगी नव्हती, साहेब," नथ्थूजी म्हणाले. "पण गावाचं बोलणं बंद पडलं असतं."

साहेबांनी त्याच चोंग्यावरून चांद्याला फोन लावला. बोलताना त्यांचा अंगठा लोंब्यांवरून फिरत होता. खाली ठेवून म्हणाले, "काम चांगलं आहे. पण जुना माल जमा करावा लागतो. नवा उद्या बसवा आणि हा पाठवून द्या."

ते गेल्यावर नथ्थूजींनी रहमतबीला बोलावून घेतलं. चोंगा उद्या जाणार असल्याचं सांगितलं.

"बाई, तुम्ही यावर कधी बोलल्या काय?"

"मले कोणाशी बोलाचं हाये?"

"चांद्याले कोणी नाई?"

"लेक हाये, जैनब. तिथल्या पोस्टाच्या मागंच राह्यते."

नथ्थूजींनी चांद्याच्या पोस्टात सांगून जैनबला निरोप धाडला. अर्ध्या तासानं घंटी वाजली. रहमतबीनं चोंगा उचलला. बोटं आपोआप खाचांत बसली.

"अम्मी?" पलीकडून घाबरा आवाज आला. "का झालं? तब्येत बरी हाये ना?"

"काई झालं नाई. तू जेवली काय?"

नथ्थूजी उठून ओसरीत गेले. आतून रहमतबी नातवाच्या दातांचं विचारत होती, गळक्या छपराचं विचारत होती. एका फोनला मिळणारी तीन मिनिटं केव्हाच उलटली होती, पण वेळ संपली म्हणून सांगायला चांद्याहून कोणी मधे बोललं नाही.