वच्छलाबाईंचं न टिकणारं मलम

वच्छलाबाई दमल्या होत्या, आणि हे त्या कुणालाही सांगायच्या. भाजीवाल्याला, टँकरवाल्याला, आणि सोलापूरच्या भवानी पेठेत त्यांच्या समोरच राहणाऱ्या मला तर रोजच. "जीव नको नको झालाय बघा." दमायला कारण होतं मलमाचं. ते दर आठवड्याला नव्यानं करावं लागायचं.

मलम सावित्रम्मांसाठी. त्या पलीकडच्या बोळात एकट्या राहतात. तेलुगु विणकरांच्या घरातल्या. सगळा जन्म सूत रंगवण्यात गेला. हात फाटले, भेगांतून रक्त यायला लागलं. बाजारातली क्रीमं लावली तर वर फोड आले. कातडीच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासलं आणि सांगितलं, क्रीम नासू नये म्हणून जे रसायन घालतात, तेच यांना सोसत नाही. नुसतं व्हॅसलिन लावा म्हणाले. सोलापूरच्या उन्हाळ्यात हाताला व्हॅसलिन चोपडून डॉक्टरांनी एकदा भाकरी थापून दाखवावी.

मग वच्छलाबाईंनी तिळाचं तेल, मेण आणि कोरफडीचा गर घोटून मलम केलं. सावित्रम्मांच्या भेगा भरून आल्या, आणि तिथंच वच्छलाबाई अडकल्या. गुण आला म्हटल्यावर सुटका कुठली? टिकावं म्हणून त्या कडुलिंबाचा काढा घालायच्या, लवंगेचं तेल घालायच्या. पण कोरफडीत पाणी फार. आठवडा सरायच्या आत आंबूस वास यायचाच. लवंग वाढवली की सावित्रम्मांचे हात चुणचुणायचे. म्हणून सण असो, ताप असो, गुडघे दुखोत, आठवड्याला घोटणं चुकत नव्हतं. हे लोढणं तुम्ही आपल्या हातानं गळ्यात बांधून घेतलंय, असं मी एकदा तोंडावर म्हणाले, तर कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

यंदा मात्र त्यांची लेक अपेक्षा मंगळवेढ्याला दुसऱ्यांदा गरोदर होती. घरात सासू नाही, पहिलं पोर अजून कडेवरचं. आईनं बाळंतपणाला जायलाच हवं होतं, आणि चांगले दोनेक महिने राहायला हवं होतं. म्हणजे मलमही तेवढं टिकायला हवं. अपेक्षा औषधांच्या दुकानात काम करते. तिनं मुळ्यापासून काढलेल्या अर्काची बाटली मागवून आईकडं पाठवली. झाडपाल्याचंच, पण नासणं लांबवणारं.

वच्छलाबाईंनी तो घालून मलम केलं. थोडं वाटीत काढून आपल्याकडं झाकून ठेवलं, बाकीचं सावित्रम्मांच्या बरणीत भरलं. वाटीतलं ताजं राहिलं. बरणीतल्याला काळे ठिपके आले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सावित्रम्मांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्यांनी ते तसंच लावलं आणि त्यांचं बोट पिकलं.

तिकडं अपेक्षाचे दिवस भरत आले होते. वच्छलाबाई ओट्यापाशी बसून सरळ रडल्या. "हितं म्हातारीचं बोट पिकलंय, तितं पोरगी वाट बघतीय. मी कुटं कुटं पुरू?" मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

शेवटी अपेक्षानं फोनवरून उलटतपासणी घेतली. मी शेजारीच बसले होते.

"आई, बरणी धुती का तू?"

"न्हाय. पाणी लागलं की मलम नासतं, तूच म्हणालीस की. पदरानं कोरडी पुसते."

"आन् तिकडनं मोकळी येती?"

"मोकळी कशी येईल? साखर घालून देत्यात त्या. ती मी तोंडात टाकते."

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. इतकी वर्षं ती बरणी साखर घेऊन माझ्या डोळ्यांदेखत बोळातून येत होती आणि मला काही खटकलं नव्हतं.

"आई, बाजारातल्या रसायनानं साखर, पदर, समदं पोटात घातलं असतं," अपेक्षा म्हणाली. "झाडपाल्याचं एवढं दांडगं नसतंय. बरणीच्या आट्यांत चिमूटभर साखर राहिली तरी बुरशीला जेवण मिळतंय."

मग नवी बरणी आणली, उकळली, कडक उन्हात वाळवली. मलम भरलं. मंगळवेढ्याची पिशवी खांद्याला लावूनच वच्छलाबाई सावित्रम्मांकडं गेल्या, मी एस.टी. स्टँडपर्यंत सोबत निघाले होते.

"सावित्रम्मा, ही संपली की मोकळीच पाठवायची," वच्छलाबाईंनी सांगितलं. "साखर न्हाय, काय न्हाय. साखरेनंच नासतंय."

"अय्यो," सावित्रम्मा म्हणाल्या. "तुझ्या लेकीच्या घरी पाळणा हलायचा, आन् मी तुझ्या दारात मोकळं भांडं पाठवू? त्यापेक्षा फाटू दे माझे हात."

सावित्रम्मांनी बरणी मांडीवर घेतली. बोटाला चिंधी बांधलेली.

"ही माझ्याकडंच राहू दे," त्या म्हणाल्या. "परत देतच न्हाय, म्हणजे मोकळी द्यायला नको. आन् संपल्यावर दुसरी करू नको. लई केलंस. माझ्यापायी लेकीला टाकून पळत येऊ नको."

ज्या सुटकेसाठी वच्छलाबाईंनी अख्ख्या पेठेचे कान किटवले होते, ती अशी आयती मिळाली. मला वाटलं, आता हुश्श करतील. पण त्यांचा चेहरा उतरला.

"मलम न्हाय, तर मी हितं कशाला येऊ?"

"बसायला ये की," सावित्रम्मा म्हणाल्या. "बरणी देतीस, बोटं बघतीस आन् निघतीस. इतक्या वर्सात बसलीस का कवा?"

वच्छलाबाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि बसल्या. एक एस.टी. गेली.