शहाद्याला भरलेली टाकी

आमच्या सहलींचा कागद माझ्याकडं असायचा. मला कुणी नेमलं नव्हतं, पण आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं रस्ते काढायचे, पंप जिथं आहे तिथं गोल करायचा, दोन गोलांमधलं अंतर लिहायचं, याची मला हौस होती. बाकीचे तिघं मला ‘पंपवाले साहेब’ म्हणायचे. मला ते आवडायचं. इतकं आवडायचं की पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आम्ही चौघं जळगावला एका कॉलेजात होतो. मग नोकऱ्या लागल्या, वाटा पांगल्या, तरी वर्षातून दोनदा तरी मोटरसायकली काढून सातपुड्यात जायचं हे ठरलेलं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, कुणाचंच लग्न व्हायचं होतं. माणसं चार, गाड्या तीन. एक पाचोऱ्याच्या मित्राची, एक माझी, आणि एक देवपूरवाल्याची. चौथा पिंप्राळ्यात माझ्या मागच्या गल्लीत राहायचा, तो माझ्या मागं बसायचा.

देवपूरवाल्याची गाडी त्याच्या वडिलांनी घेऊन दिली होती. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. धुळ्यात, देवपूर भागात, त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि ते पुढं मुलानं बघावं अशी त्यांची इच्छा. माणूस शिस्तीचा. दुकानातल्या पेन्सिलीसुद्धा एका उंचीच्या लावायचे. मुलगा अगदी उलटा: चालता चालता गुणगुणणारा, पंपावरच्या माणसाला त्याच्या पोराबाळांची खुशाली विचारणारा. पण गाडीला जपायचा. त्याची गाडी दोन स्ट्रोकची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे, आणि ते तो झाकणानं असं मोजून टाकायचा की जणू लहान मुलाला औषध पाजतोय.

त्या हिवाळ्यात तोरणमाळला मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी जंगलातून धडगाव, मोलगी करत अक्कलकुव्याला उतरायचं ठरलं. शहाद्यानंतर पेट्रोल एकदम अक्कलकुव्यालाच. मध्ये एखाद्या किराणा दुकानात बाटलीत मिळालं तर मिळालं, तेही रॉकेल घातलेलं. म्हणून मी प्रत्येक गाडी लिटरला किती जाते ते आधी तपासलं. टाकी पूर्ण उपसायची, मापानं एक लिटर टाकायचं आणि पाचोऱ्याच्या रस्त्यानं गाडी बंद पडेपर्यंत जायचं. बंद पडली की मैलाचे दगड मोजून कागदावर लिहायचं.

इथं एक सांगून ठेवतो. टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो. तो ‘ऑन’वर असला की पेट्रोल संपत आल्यावर गाडी आचके देते. मग कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवायचा, तळाचं राखीव पेट्रोल मिळतं, त्यावर पुढचा पंप गाठायचा. ते आचके म्हणजे सूचना. माझ्या गाडीची तपासणी करताना शेवटचा थेंब जाळायचा म्हणून मी कॉक रिझर्व्हवर केला होता. तो परत फिरवायचा विसरलो. शिवाय तपासणी मी एकट्यानं, सपाट रस्त्यावर केली होती. मागे बसणारा मित्र आणि दोघांचं सामान कागदावर धरलंच नव्हतं.

शनिवारी आम्ही चोपड्यावरून शिरपूरला पोचलो, देवपूरवाला धुळ्याहून तिथं आला. आल्या आल्या म्हणाला, “उद्या पाचच्या आत मला घरी टाका रे भो. ताईला बघायला येताहेत. आबांनी गाडी याच बोलीवर दिलीय.”

“पंपवाले साहेबांचा कागद आहे ना,” पाचोऱ्याचा म्हणाला. “विमानासारखा उतरशील अंगणात.”

मी कागद उघडून दाखवला. उद्या साडेतीनला धुळे. कागदावर होतंच तसं.

शहाद्याच्या पंपावर पाचोऱ्याच्यानं आणि देवपूरवाल्यानं टाक्या गळ्यापर्यंत भरून घेतल्या. देवपूरवाल्याच्या टाकीतून थोडं बाहेर सांडलं, पंपावरच्या माणसानं फडक्यानं पुसलं आणि दोघं कशावरून तरी हसले. मी टाकीत कागदाप्रमाणं उरलेलं धरलं आणि माझ्या गाडीत वर फक्त दोन लिटर टाकायला सांगितलं.

“अरे भर ना पूर्ण,” मागे बसणारा म्हणाला.

“कागदावर विश्वास ठेवा,” मी म्हणालो.

तोरणमाळला थंडी होती. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात झोपलो. पहाटे उजाडलं तेव्हा तलावावर धुकं इतकं दाट की पलीकडचं काही दिसत नव्हतं. पाचोऱ्याचा आणि पिंप्राळ्याचा पाण्याकडं गेले. देवपूरवाला किटली मागून घेऊन खालच्या टपरीवर चहा आणायला गेला. आमच्यात चहा नेहमी तोच आणायचा.

मी सहज गाडी हलवून बघितली. टाकीतून आवाज आला तो पोकळ. झाकण उघडून काडी घातली, काडीचं टोक ओलं झालं. मग खाली वाकून कॉक बघितला. रिझर्व्हवर. शहाद्यापासून, कदाचित जळगावपासूनच, तो तिथंच होता. राखीव पेट्रोलही संपत आलं होतं आणि गाडीनं मला एक आचका दिला नव्हता.

सरळ उपाय होता. तिघांना सांगायचं, होतं तेवढ्यावर उतारानं शहाद्याला परत जायचं, तिथून तो धुळ्याला दुपारीच पोचला असता. धडगाव राहिलं असतं, एवढंच. आणि वर्षभर सगळे हसले असते.

ते हसू मला नको होतं. बास. याहून मोठं कारण नाही. इतकी वर्षं शोधलं, सापडलं नाही.

अडीअडचणीला म्हणून नळी आणि रिकामा कॅन माझ्याच पिशवीत होते. देवपूरवाल्याच्या टाकीच्या झाकणाचं कुलूप बिघडलेलं होतं हे मला माहीत होतं. नळी त्याच्या टाकीत घातली, तोंडानं ओढली, तोंडात पेट्रोल आलं, थुंकलं, आणि धार माझ्या कॅनमध्ये सोडली. अडीच लिटर. मी कागदावर बघून काढले, हेही सांगतो. कागदाप्रमाणं उरलेल्यात त्याची गाडी अक्कलकुव्याला पोचत होती. कॅन माझ्या टाकीत रिकामा केला, नळी गुंडाळून ठेवली, कॉक ऑनवर केला. आणि धुक्यातून तो किटली घेऊन गुणगुणत वर आला.

पहिला पेला त्यानं मला दिला. पेला हातात देताना थांबला. “पेट्रोलचा वास येतोय रे तुला.”

“प्लग साफ केला.”

“चहा घे मग, घसा शेकेल.” आणि स्वतःच्या पेल्यातला थोडा माझ्यात ओतला.

त्या चहाची चव पेट्रोलची होती. तरी आज मला कुणी विचारलं, की आयुष्यातली कुठली सकाळ परत हवी, तर मी तीच मागेन. ती पाच मिनिटं वगळून मागेन. तलाव दिसत नव्हता, पाण्यात उतरलेल्या दोघांच्या शिव्या तेवढ्या ऐकू येत होत्या आणि तो माझ्याशेजारी पायरीवर बसून किटलीवर हात शेकत होता.

निघालो. तो माझ्या मागून येत होता. धडगावच्या अलीकडं त्यानं गाडी शेजारी आणली आणि ओरडला, “तुझी गाडी निळा धूर टाकतेय रे! आजारी पडली का?”

माझी गाडी चार स्ट्रोकची. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल नसतं, ती धूर टाकत नाही. तो धूर त्याच्या गाडीच्या ऑइलचा होता, त्यानं झाकणानं मोजून घातलेल्या.

“थंडीचा!” मी ओरडलो. त्यानं मान हलवली. मी सांगितलं म्हणजे तसंच असणार.

मोलगीच्या पुढं घाटात त्याची गाडी आचके द्यायला लागली. त्यानं कॉक रिझर्व्हवर केला, थोडी गेली, आणि एका महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाशी बंद पडली. साडेदहा वाजले होते. त्यानं झाकण उघडून आत डोकावलं, मग गाडीच्या खाली बघितलं, गळती आहे का म्हणून. जमीन कोरडी होती.

“गळ्यापर्यंत भरली होती रे,” तो म्हणाला.

“पंपावरच्याशी गप्पा मारत होतास तू,” पाचोऱ्याचा म्हणाला. “त्याच्या पोरीचं नाव विचारलंस, टाकीत किती गेलं ते विचारलंस का?”

“अरे सांडलं होतं. त्यानं पुसलं.”

“धार जोरात सोडली की अर्ध्या टाकीवरही उडतं,” मागचा म्हणाला. “साहेब, कागद काय म्हणतो?”

तिघं माझ्याकडं बघायला लागले. मी खिशातून कागद काढला, उलगडला, बोट फिरवलं. “पूर्ण भरली असती तर इथं बंद पडली नसती,” मी म्हणालो.

ते वाक्य खरं होतं. म्हणूनच ते मला जास्त छळतं.

त्यानं झाकण परत घट्ट लावलं. मग म्हणाला, “असेल. माझंच लक्ष नसेल.”

पाचोऱ्याच्याची टाकी लहान आणि माझ्यात मोजकंच, त्यामुळं आमच्या दोन गाड्यांत अक्कलकुव्यापुरतंच होतं, त्यातलं काढून देणं म्हणजे तिन्ही गाड्या अडकणं. पेट्रोल मी घेऊन येतो म्हणालो. गाडीवर ओझं नको म्हणून मागच्याला पाचोऱ्याच्याबरोबर बसवलं; ते दोघं माझ्याबरोबर खाली उतरून तिथूनच घरी निघणार होते. खाली अक्कलकुव्याला पंपावर वीज गेलेली. दोन तास मी कॅन पायाशी ठेवून तिथं बसलो. परत वर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. तो त्याच महूखाली बसला होता, एकटा, आणि गाडी फडक्यानं पुसून लख्ख केली होती.

“आलास,” तो म्हणाला. “तुझ्यामुळं वाचलो भो.”

देवपूरला पोचायला आठ वाजले. मी त्याच्याबरोबर गेलो. पाहुणे येऊन गेले होते, मुलीचा भाऊ कुठंय असं त्यांनी दोनदा विचारलं होतं. स्थळ पुढं जमलंसुद्धा. पण आबा ओट्यावर उभे होते. ते ओरडले नाहीत.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“पेट्रोल संपलं, आबा. माझं लक्ष नव्हतं.”

मी शेजारीच उभा होतो. आबा म्हणाले, “ज्याला आपल्या टाकीत किती आहे ते कळत नाही, त्याच्या हातात मी काय देऊ?”

आठवड्याभरात गाडी विकली. ते मी समजू शकलो असतो. पण दुकानाच्या किल्ल्याही त्यांनी त्याच्याकडं कधी दिल्या नाहीत. पुढं दुकान जावयानं चालवलं. तो दोन-तीन वर्षं वाट बघून सुरतेला नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. आमच्या सहली त्याच्याशिवाय दोनदा निघाल्या, मग थांबल्या. चहा आणायला कुणी उठायचं नाही.

दर दिवाळीला त्याचा फोन यायचा. आबा वारले त्यानंतरच्या दिवाळीतही आला. प्रत्येक वेळी स्वतःवरच विनोद. “अर्धी टाकी झाली की मी पंपावर पळतो. बायको म्हणते, वेड लागलंय. गॅसची टाकी उचलून बघतो रोज. आपल्याला धांदरटपणा परवडत नाही बाबा, एकदा शिक्षा झालीय.” मुलालाही तो हेच सांगायचा, असं कळलं. मी हसायचो. वर्षानुवर्षं मी त्या विनोदाला हसलो.

दोन वर्षांपूर्वी फोनवर तो हेच पुन्हा बोलायला लागला आणि मला नेहमीचं हसू आलं नाही. म्हणालो, “शहाद्याला तुझी टाकी गळ्यापर्यंत भरली होती. तोरणमाळला पहाटे मी त्यातनं काढलं. तू चहाला गेला होतास.”

त्यानं एवढंच विचारलं, “किती?”

“अडीच लिटर.”

तो मनात हिशेब करत असावा. “मग तो धूर माझ्या ऑइलचा होता,” तो म्हणाला.

“हो.”

“आबा गेले रे तसंच समजून.” त्याचा आवाज चढला नव्हता. “मला काय सांगतोस? देवपूरला जा. आईला सांग.” आणि फोन ठेवला.

आठव्या दिवशी गेलो. त्याच्या आईला आम्ही अक्का म्हणायचो. दारातल्या खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. “ये, बठ,” म्हणाल्या. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता. त्यांचे हात थांबले.

“म्हंजे टाकी भरेल व्हती?”

“भरलेली होती अक्का.”

“तवय काबर नही सांगं? तू तठेच व्हतास.”

तेव्हाच का सांगितलं नाही, हे विचारून त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, “फोन लाव त्याले.”

मी माझ्या फोनवरून लावला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. “मी बोलस रे. तुन्ही टाकी भरेल व्हती, बापू. भरेल व्हती.” मग कितीतरी वेळ त्या नुसतं ऐकत होत्या. मग नातवाच्या परीक्षेचं बोलल्या, गुडघ्याचं बोलल्या. मी दाराच्या चौकटीशी उभा होतो. आता त्या फोन माझ्याकडं देतील, आता तो ‘दे त्याला’ म्हणेल, असं वाटत होतं.

बोलणं संपल्यावर त्यांनी फोन मला परत दिला. बंद झाला होता.

“काही म्हणाला का?” मी विचारलं.

“रडना,” त्या म्हणाल्या. “तुनं काही ईचारं नही.” तो रडला; माझं काहीच विचारलं नाही. अक्का चहा ठेवायला आत गेल्या.

मी चहा घेतला. त्यांनी दिला म्हणून घेतला. त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या. फोन माझ्या हाताशीच असतो.