माळढोकासाठी बारा काचा

फोटो तयार व्हायला उजेड लागतो, औषध लागतं, पाणी लागतं. किस्सा तयार व्हायला आमच्या स्टुडिओत फक्त अण्णा लागतात! जुन्या फोटोंची खोकी भरली की माळ्यावर टाकता येतात. किस्से कुठं टाकणार? म्हणून सांगून टाकतो.

अण्णांचा स्टुडिओ भवानी पेठेत. मी तिथं काचा धुतो, म्हणजे निगेटिव्ह तयार करतो. नवरानवरींचे फोटो काढून अण्णा कंटाळले आणि गावाबाहेरच्या माळावरच्या माळढोकाच्या मागं लागले. एवढा उंचापुरा पक्षी, पण माणूस दिसला की चालायला लागतो! शेवटी अण्णांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, अट घातली. "ही बारा काचांची पेटी. यात पक्षी आला तर आला. नाहीतर रान बंद, कॅमेरा उंबऱ्याबाहेर जायचा नाही."

अण्णांनी देवापुढं हो म्हटलं. चेहरा फोटोत पडतो तसा पडला होता.

*

पहिल्याच सकाळी माळढोक समोर! अण्णा काळ्या फडक्यात शिरले, फोकस केला, बाहेर आले आणि वीस वर्षांच्या सवयीनं खणखणीत आवाजात म्हणाले, "आता हलू नका!"

पक्षी उडाला.

"अण्णा," मी म्हणालो, "हनुवटी जरा वर, हे सांगायचं राहिलं."

*

पक्षी दाखवायला बिराप्पा धनगर यायचा. आम्हाला जिथं नुसतं गवत, तिथं त्याला अख्खी वस्ती दिसायची.

"त्यो बगा की!"

"कुठं?"

"तुमी बगताय तितंच."

अण्णांनी डोळे फाडफाडून तासभर बघितलं. मग बिराप्पा म्हणाला, "आता न्हाय. लई येळ झाला जाऊन."

या कामाबद्दल त्याला फोटो हवा होता, मेंढरांसकट. सगळी मेंढरं एका काचेत मावेनात. "ऱ्हायलेल्यास्नी वाईट वाटंल की!" म्हणाला. तीन काचा गेल्या.

*

एकदा मीच गवतात माळढोक उभा केला. कडब्याची पेंढी, वर पिसांचा झाडू. लांबून झकास दिसत होता.

अण्णांनी त्याच्यावर दोन काचा घातल्या. "काय उभा राहतो लेका! असं शहाणं गिऱ्हाईक जन्मात बघितलं नाही!"

काच धुतल्यावर झाडूची मूठ स्पष्ट आली. फोकस उत्तम होता, हे मी सांगितलं.

*

मधेच वहिनी तपासणीला आल्या. अण्णांनी घाबरत काचा दाखवल्या. वहिनींनी एकेक उजेडाला धरली.

"तुमचा पक्षी चार पायांचा आहे होय?"

*

बाकीच्या काचांत नुसतं गवत आलं. शेवटच्या काचेला मात्र मी अण्णांच्या तोंडाला रुमाल बांधला. झाडूवर गेलेल्या दोन काचांचं पाप माझ्या डोक्यावर होतं. बिराप्पानं बोट केलं, अण्णांनी आवाज न करता फोटो घेतला. रात्री काच धुतली. गवताच्या मधोमध माळढोक! ज्वारीच्या दाण्याएवढा, पण खराखुरा! अण्णांनी मला मिठी मारली. हाताचं औषध सगळं माझ्या सदऱ्याला.

दुसऱ्या दिवशी वहिनींना बोलावलं. बिराप्पाही आपली मेंढरं न्यायला आला होता, म्हणजे फोटोतली. तेवढ्यात आमचा रिटचिंगवाला नरसय्या ताजा प्रिंट घेऊन बाहेर आला. हा माणूस निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकांचे देवीचे व्रण घालवतो. हात असा, की आईसुद्धा पोराला ओळखत नाही.

"अण्णा, गवत फार छान आलंय," नरसय्या म्हणाला. "मधे एक डाग होता. काढला."

अण्णा स्टुलावर बसले. वहिनींनी प्रिंट बघितला, अण्णांकडं बघितलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "गवत खरंच छान आहे हो."

बिराप्पानं मान पुढं केली. "मादी बी घेतलीया व्हय?"

"कसली मादी?"

"ही काय, हितं. अंड्यावर बसलीया की!"

अण्णांनी भिंग आणलं. आधी गवत दिसलं. मग गवतातली एक काडी जरा जाड वाटली. मग त्या काडीला मान झाली.

"अगंबाई!" वहिनी ओरडल्या. "डोळासुद्धा आहे!"

"कुठंय? कुठंय?" म्हणत नरसय्या आतून निगेटिव्ह घेऊन धावत आला. उजेडाला धरून त्यानं ती जागा शोधून काढली आणि कानावरची पेन्सिल हातात घेतली.

"नरसय्या!" अण्णा स्टुलावरून उठत ओरडले. "हलू नकोस!"