नाव न घेतलेली मूठ

देवीवर राग धरू नये म्हणतात. मी दोन वर्षं धरला. दिवा रोज लावायचे, पण हात जोडायचे नाही. घरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आधीच सांगते, मी चमत्काराला भुलणारी बाई नाही. तोंडाची फटकळ आहे, हे शहादा तालुक्यातल्या आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक आहे. जे घडलं ते तसंच लिहिते आहे, त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं आपलं ठरवावं.

आमचे हे कापसाच्या जिनिंगची यंत्रं उभारायचे. तरुणपणी इथल्याच एका जिनात फिटर म्हणून लागले. पुढे एका कंपनीनं आफ्रिकेत पाठवलं, आणि मग टांझानिया, युगांडा, सुदान असं त्यांचं आयुष्यभर चालू राहिलं. माणूस मात्र घरचाच राहिला. दोन्ही पोरांचं शाळेचं वेळापत्रक तिकडच्या खोलीत भिंतीवर लावलेलं असायचं, गणिताची चाचणी कधी आहे ते पोरांच्या आधी यांना माहीत. सुट्टी संपवून निघताना पोरांचे पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं आखून घ्यायचे, पुढच्या खेपेला बूट आणायला. वर्षात पाय वाढणार म्हणून बोटभर जास्तच आखायचे, तरी ते बूट कधी धड बसले नाहीत. पोरं तेच घालून मिरवायची. रोज संध्याकाळी फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, ‘आज भाजी काय करी?’ एकदा मी वैतागून म्हटलं, तिकडे बसून भाजी कळून तुम्हाला काय मिळतं? तर म्हणाले, ‘तेवढं समजनं का मी घरमा येस.’

अशा माणसाची वर्षातली एकच मोठी सुट्टी, आणि ती कानबाईला. आमच्या खान्देशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिला नदीवर बोळवतात. मग घरात रोट, म्हणजे जाड पोळ्या, जेवतात. रोटाचं धान्य मोजून घ्यायची रीत आहे. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू, वर हरभऱ्याची डाळ. माणूस सातासमुद्रापार असला तरी त्याची मूठ घ्यायचीच. हे रोट बाहेरच्याला देत नाहीत, टाकतही नाहीत. पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. मोठ्या जाऊबाईंचे हात दुखतात, त्यामुळे आमच्या घरात मूठ घेण्याचं काम माझ्याकडे. प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि मूठ टाकायची. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, म्हणून आप्पांची, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची मूठ टाकली की पुढची एक मूठ मी गुपचूप टाकायची. ती यांची. हे शेजारी बसून हसायचे.

तीन वर्षांपूर्वी लेकीचं पहिलं बाळंतपण मार्गशीर्षात होतं. सुट्टी एकदाच मिळणार होती. मी फोनवर म्हटलं, यंदा रोटाला येऊ नका, लेकीसाठी या. हे घुटमळले. म्हणाले, आजवर एकदाही चुकलं नाही. एवढ्यावरच मी थांबायला हवं होतं. पण माझी जीभ ती. मी म्हणून गेले, ‘कानबाईले तुमनी एक मूठनी काय पडेल शे?’ मग हे म्हणाले, ‘बरं. तू म्हनस तसं.’ त्या संध्याकाळी त्यांनी भाजी विचारली नाही.

ते आले नाहीत. कार्तिकात कामावरच छातीत कळ आली आणि गेले. पेटी मुंबईला उतरली, तिथून गाडीनं आणली, आणि प्रकाशा गावी तापीकाठी आम्ही त्यांना निरोप दिला. मुलगी पोटुशी, तिला येता आलं नाही. मुलानं सगळं केलं. लोक येत होते, चांगलं बोलत होते, मी मान हलवत होते. आत एकच गोष्ट कुरतडत होती. ज्याला घरच्या रोटाशिवाय श्रावण श्रावण वाटायचा नाही, त्याला मी शेवटच्या वर्षी त्यापासून तोडलं, आणि तेही असं बोलून. माझं बोलणं मनात घेऊनच ते गेले का? आता विचारायचं कुणाला? देवीला विचारावं, तर तिचाच राग येत होता. इतकी वर्षं धावत येणाऱ्या लेकराला एकदा सांभाळून घेतलं असतं तर तुझं काय गेलं असतं, असं मी तिला रोज मनात सुनवायचे.

पुढच्या श्रावणात वर्ष झालेलं नव्हतं, म्हणून रोट झाले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, आप्पांनी कानबाई बसवायचं ठरवलं. मी जाऊबाईंना म्हटलं, मूठ आता सुनेच्या हातून घ्या. त्या ऐकेनात. ‘तुन्हाच हात लागू दे. त्याले बरं वाटी,’ म्हणाल्या. बसले सूप घेऊन. आप्पांचं नाव घेतलं, मूठ टाकली. पुढे पुतणे, मुलगा, नातू. धान्य दळून झाल्यावर जाऊबाईंनी सहज विचारलं, किती झाल्या? मी म्हटलं अकरा. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. आता घरात पुरुष दहाच होते ना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आप्पांच्या नंतर माझा हात आपोआप सुपात गेला होता. नाव घ्यायचं नसतं, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही चूक समजली नाही.

आप्पा रीतीला फार कडक. ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत, जुन्या वळणाचे आहेत. जाऊबाईंनाच म्हणाले, ‘तिले सांग, हाऊ जित्ता माणसेसना रोट शे. गेयेल माणूसनी मूठ यामा चालत नही.’ पण पीठ एकत्र झालेलं, काढणार कसं? अखेर सव्वा मुठीच्या अंदाजानं पीठ वेगळं केलं. त्याचा रोट करून ताटात झाकून ठेवायचा असं ठरलं. पण खायचा कुणी? गेलेल्याच्या नावचं जिवंतानं खायचं नाही, टाकायचंही नाही, बाहेरच्याला द्यायचं नाही. मला तर भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एक मूठ, जिच्यावरून मी त्यांना टोमणा मारला, तीच आता घरात कुठे ठेवावी कळत नव्हतं.

सोमवारी कानबाईला नदीवर बोळवून आम्ही परतलो. पानं मांडली, आणि तेवढ्यात ओट्यावर एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, काळासावळा, हातात केळी. खांडबाऱ्याकडच्या कोकणी आदिवासींपैकी, वेल्डर. यांच्या हाताखाली टांझानियात होता, गेल्या आठवड्यात करार संपवून परतला होता. शनिवारीच येणार होतो म्हणाला, पण आईला ताप भरला, तिला चिंचपाड्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं, म्हणून दोन दिवस उशीर. घरात अवघडल्यासारखं झालं. ऐन जेवणाच्या वेळी माणूस दारात, आणि त्याला जेवायला म्हणता येत नाही. मुलानं त्याला ओट्यावरच चहा दिला. मी दाराशी उभी राहिले.

यांना तो नाना म्हणायचा. म्हणाला, ‘वहिनी, नाना गेले तेव्हा मी दुसऱ्या साईटवर होतो, नाहीतर तेव्हाच आलो असतो.’ मग आत मांडलेली पानं बघून जरा हसला. ‘आज कानबाईचे रोट ना? तिकडे आम्ही केले होते.’

तो सांगत गेला. घरी यायचं नाही असं फोनवर ठरलं, तेव्हा नानांनी तिथंच रोट करायचं मनावर घेतलं. मग कानबाईच्या रविवारी लांबच्या बाजारातून गहू शोधून आणले, खलबत्त्यात कुटले. एकेकाचं नाव घेऊन मुठी टाकल्या. आप्पा, पुतणे, मुलगा, स्वतः, सगळे. ढीगभर रोट झाले आणि खाणारे दोघं. हा म्हणाला, नाना, मी तर चर्चला जाणारा माणूस, मला चालेल का? तर हे म्हणाले, बाहेरच्याला चालत नाही, म्हणून आजपासून तू माझा भाऊ, बस आणि खा. ‘पौर्णिमेपर्यंत आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ रोटच खात होतो, वहिनी. संपता संपत नव्हते.’ आतून कुणीतरी हसलं. मग त्यानं चहाची कपबशी खाली ठेवली. ‘शेवटी त्यांनी एक मूठ जास्त टाकली. मी विचारलं, ही कुणाची? म्हणाले, बायांची मूठ घेत नाहीत आमच्यात, पण ही घेतो. मला लागलं तिचं बोलणं. पण घर तिनंच धरून ठेवलंय, तिच्यावाचून ह्या बाकीच्या मुठींना अर्थ नाही.’ आणि मग यांनी ती मूठ टाकताना घेतलेलं माझं नाव त्या माणसानं घेतलं. माहेरचं. या घरात ते नाव लग्नाच्या दिवशीच बदललं, जाऊबाईंनाही आठवत नसेल. ते फक्त यांच्याजवळ होतं.

मी तिथंच बसले आणि रडले. सगळ्यांसमोर, आप्पांसमोर. यांची पेटी आली तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

आप्पा उठले, झाकलेलं ताट स्वतः उचललं आणि आपल्या पानाशेजारी ठेवलं. ‘भाऊ म्हनीसन खादं व्हई त हाऊ भाऊच शे. भाऊना वाटा भाऊनी खावो.’ आणि ओट्याकडे बघून म्हणाले, ‘ये रे भो, बस.’ तो पाय धुऊन आत आला. बसल्यावर क्षणभर डोळे मिटून त्यानं त्याच्या देवाला आठवलं, मग घास घेतला. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी मी वाढली. त्यानं दोनदा मागून घेतली.

तो शनिवारी आला असता तर केळी देऊन, चार शब्द बोलून परत गेला असता. माझा हात चुकला नसता तर त्याला आत बोलवायला कारण नव्हतं. कुणी याला योगायोग म्हणेल, त्याच्याशी मी भांडायला जाणार नाही. मला एवढंच उमगलं की मी दोन वर्षं ज्या माफीसाठी आत जळत होते, ती मी मागायच्या कितीतरी आधी, दूरदेशी एका पत्र्याच्या खोलीत मला देऊन झाली होती. मला फक्त ती ऐकायची होती, आणि ऐकवायचं काम माझं नव्हतं. त्याची वेळही मी ठरवायची नव्हती. सगळं आपल्याच हातात आहे असं धरून बसले, म्हणून दोन वर्षं रागात गेली. आता हात जोडते. माते, तू काय केलंस आणि काय नाही, ते तुझं तुला माहीत. माझं बोलणं त्यांना लागलं होतं, आणि लागूनही त्यांनी मला मोजलं. कृपा म्हणतात ती काय असते, ते मला या वयात माझ्या नवऱ्यानं दाखवलं.