सायन्स मास्तरांचा इंग्रजीचा तास

सायन्स मास्तरांना कशाचेही ढीग लावल्याशिवाय चैन पडत नसे. पानांचे, बियांचे, खड्यांचे. "आधी बघा, मग जुळवा, नाव शेवटी," असे ते पोरांना सांगत. निजामाच्या राजवटीत जिंतूरच्या आमच्या शाळेत बाकीचे विषय उर्दूत चालत. इंग्रजी तेवढे माझ्याकडे होते. बारा वर्षे मी नियम घोकून घेत आलो होतो.

एका साली मी हिवतापाने महिनाभर अंथरुणाला खिळलो आणि माझा तास त्यांच्याकडे गेला. परतलो तेव्हा पोरे जमिनीवर बसून इंग्रजी क्रियापदांच्या चिठ्ठ्यांचे ढीग लावत होती, अगदी पानांचे लावावेत तसे. भूतकाळात शेवटी 'ईडी' येते, हे त्यांनी आपले आपणच हुडकले होते. तेवढ्यात एकाने 'वेंट'ची चिठ्ठी वर धरली.

"मास्तर, हे कशातच बसंना की!"

"मग लपवू नको. त्याचा निराळा ढीग कर. असे अजून सापडतील."

सगळा वर्ग हसत शोधायला लागला. माझ्या तासाला कुणी हसल्याचे मला आठवेना. आत कुठेतरी जळले.

तास अजून त्यांच्याकडेच होता. पुढे शाळा तपासायला मोहतमीम साहेब आले, तेव्हा मी हळूच म्हणालो, "साहेब, पोरांना व्याकरणाच्या व्याख्या विचारून बघा." एकालाही सांगता आल्या नाहीत. साहेबांनी सगळ्यांदेखत मास्तरांना झापले आणि तास मला परत दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तर चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन माझ्या घरी आले. "तुमी साहेबांना सांगितलं ते खरंच हाय. नावं सांगायची राहिलीच माझ्याकडून. ह्या ठेवा, पोरांना लागतील."

मला मान वर करवली नाही. त्यांची बदली झाल्यावरच मी ती पिशवी उघडली. त्याच रीतीने शिकवू लागलो, आणि इंग्रजीचा मास्तर म्हणून माझे नाव झाले. रीत कुणाची, हे मी कधी सांगितले नाही.

काही वर्षांनी पिंगळीच्या स्टेशनात ते अचानक भेटले. केस पांढरे झाले होते. पहिला प्रश्न तोच, "पोरं इंग्रजी बोलायलीत का?"

"बोलायलीत. तुमच्याच रीतीनं शिकवतो. पण लोकांना ती माझी वाटते. मीही वाटू दिलं."

"बोलायलीत ना? मग झालं की!" म्हणत ते इतक्या मोठ्याने हसले की फलाटावरची माणसे वळून बघू लागली.

इतकी वर्षे मी त्यांच्या हुशारीवर जळत होतो. त्या दिवसापासून त्या हसण्यावर जळतो.