ट्रॉलीच्या मागं

चितेगावच्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं फिटर होतो आणि शेवटची दोन वर्षं सोडली तर रोज दुचाकीवरून ये-जा केली. उस्मानपुऱ्यातल्या घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत मी किती मिनिटांत पोचतो, हे कुणी न विचारताही सांगायचो. पैठण रोडवरचा प्रत्येक खड्डा मला पाठ होता. पाठ असलेल्या रस्त्यावर माणूस बघायचं सोडून देतो, हे तेव्हा कळलं नाही.

चार वर्षांपूर्वी, उसाच्या हंगामात, बायकोला मागं बसवून मी तिच्या थोरल्या बहिणीकडं चितेगावला निघालो होतो. दुपारचे चार वाजले असतील. नक्षत्रवाडीच्या पुढं एक ट्रॅक्टर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत चालला होता. मागं थांबणं माझ्या स्वभावात नव्हतं. बायको म्हणाली, "थांबा की जरा, म्होरून काय येतंय ते दिसंना." मी म्हणालो, "तू गप बस. रोजचा रस्ता आहे माझा."

मी उजवीकडनं गाडी काढली. पुढची ट्रॉली निम्मी ओलांडली आणि समोरून टेम्पो आला. मी घाईघाईनं डावीकडं आत घेतलं. हँडल ट्रॉलीच्या कडेला घासलं आणि आम्ही दोघं पडलो. माझं कोपर सोलवटलं, एवढंच. हेल्मेट असल्याशिवाय कंपनीचा वॉचमन आत सोडत नसे, म्हणून सवयीनं माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. तिच्यासाठी दुसरं घ्यावं, असं इतक्या वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं. ती साडीत, एका बाजूला पाय सोडून बसलेली होती, ती लांब फेकली गेली. मांडीचं हाड मोडलं. डोक्याला सात टाके पडले.

ट्रॅक्टरवाला गाडी थांबवून धावत आला. तिशीचा, काटकुळा माणूस, गळ्यात मफलर. त्यानं आपल्या कॅनमधलं पाणी तिच्या तोंडाला लावलं. तोवर शेजारच्या ढाब्यावरची माणसं जमली. कुणीतरी मला विचारलं, "कसं काय झालं हो?" आणि मी म्हणालो, "यानं ट्रॉली अंगावर घातली."

लोकांनी त्याला मारलं. तो हात जोडून म्हणत होता, "दादा, मी सरळच चाललो होतो. ह्यांनाच विचारा." मी काही बोललो नाही. बायकोला रिक्षात घालायची घाई होती, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिलो. दवाखान्यात पोलिसानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तक्रार नाही साहेब. गरीब माणूस आहे, जाऊ द्या." त्यावर सगळ्या नात्यात माझं कौतुक झालं. एवढं होऊनही माणसानं माफ केलं, म्हणाले. मेहुणीनं माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ती त्या ट्रॅक्टरवाल्याला मात्र आल्यागेल्यासमोर शिव्या द्यायची.

गाडी मी विकून टाकली. नोकरीची शेवटची दोन वर्षं कंपनीच्या बसनं गेलो. बायकोच्या मांडीत रॉड बसला, आणि ती लंगडत का होईना, पुन्हा सगळं करू लागली. त्या दिवसाविषयी आमच्यात कधी शब्द निघाला नाही. ती बहिणीकडं रिक्षानं जायची. मी काहीतरी कारण काढून घरीच थांबायचो.

गेल्या हिवाळ्यात मेहुणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बायको सकाळी चहाचा कप समोर ठेवत म्हणाली, "आक्काला बघायला जायचंय. तुम्ही चला. गाडीवर जाऊ."

"आपल्याकडं गाडी कुठं आहे?"

"भाड्यानं मिळती. स्टेशनजवळ पाटी बघितलीय मी. बॅटरीची हाय. लई पळत बी नाय म्हणं."

"मला नाही जमायचं आता."

"तुम्हाला जमंल का नाय, ते मला नाय ठाऊक," ती म्हणाली. "मला मागं बसायला जमतंय का, ते बघायचंय."

मी चहा संपवला आणि लायसन शोधायला उठलो.

ते दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड आणि पुढं मोकळं अंगण. वेरूळला जाणारी बाहेरगावची पोरं तिथनं गाड्या नेतात. चालवणारी पस्तिशीतली बाई. तिनं माझं लायसन बघितलं, आधार कार्डाची झेरॉक्स घेतली आणि एक कागद भरायला बसली.

"काका, आधी कधी अपघात झालाय?"

"हे कशाला लागतं?"

"पडलेला माणूस येगळा चालवतो. कोण ब्रेकच सोडत नाय, कोण गाडी हातात घेतली की थरथरतो. मला कळलं म्हणजे तसं शिकवता येतं."

"झालाय एकदा," मी म्हणालो. "ट्रॉलीवाल्यानं अंगावर घातली होती."

बायको भिंतीवर टांगलेली हेल्मेटं बघत होती. तिनं मान वळवली नाही. पण तिचा हात एका हेल्मेटच्या पट्ट्यावर होता, तो थांबला. चार वर्षांनी, काही गरज नसताना, एका अनोळखी बाईसमोर मी पुन्हा तेच बोललो होतो.

त्या बाईनं मला गाडीवर बसवलं. चावी फिरवली तर काहीच झालं नाही, आवाज नाही, थरथर नाही. मी समजलो गाडी बंदच आहे आणि सवयीनं मूठ पिळली. गाडी एकदम पुढं झेपावली आणि अंगणाच्या कडेच्या रिकाम्या ड्रमला जाऊन भिडली. मी पडलो नाही, दोन्ही पाय टेकवून तिथंच थांबलो.

ती बाई हसली नाही. तिनं गाडी मागं ओढली. "पेट्रोलच्या गाडीला कान देऊन चालवता येतं," ती म्हणाली. "हिला बघूनच चालवायचं. हा हिरवा दिवा पेटला म्हणजे गाडी चालू. दिवा पेटला की हात मुठीवरनं काढायचा, निघायचं असंल तेव्हाच ठेवायचा. आणि ध्यानात ठेवा, तुम्हाला आवाज येत नाय, तसा रस्त्यावरच्या माणसाला बी येत नाय. म्हातारी माणसं, कुत्री, पाठमोरी पोरं, कुणाला कळत नाय तुम्ही आलाय ते. आपणच आधी हळू व्हायचं."

मग तिनं टायर दाबून बघायला लावले, दोन्ही ब्रेक एकदम आणि हळूहळू दाबायला शिकवलं. मूठ सोडली की गाडी मागून कुणी ओढल्यासारखी आपोआप हळू होते, तेव्हा दचकायचं नाही, असंही सांगितलं. मी अंगणात वीसएक फेऱ्या मारल्या. दर फेरीला ती अचानक हात वर करायची आणि मी थांबायचो. कंपनीत नव्या पोरांना मशीनवर उभं करताना मी असाच हात वर करायचो. मशीनसमोर मी किती काळजीनं वागत होतो, आणि तिथनं बाहेर पडून गाडीला किक मारली की सगळं विसरत होतो, हे त्या अंगणात गोल फिरताना जाणवलं.

"आज एकट्यानं फिरवा," ती म्हणाली. "ताईंना उद्या बसवा. आणि ताई, तुम्ही एका अंगानं बसायचं नाय. दोन्हीकडं पाय टाकून बसत असाल तरच गाडी देते."

बायकोनं मान हलवली. तिनं आठवडाभर आधीच ड्रेस शिवून घेतला होता, ते मला घरी गेल्यावर कळलं. पंचावन्नाव्या वर्षी आयुष्यातला पहिला सलवार कमीज. तिनं ट्रंकेतनं काढून दाखवला आणि परत घडी घालून ठेवला.

त्या दिवशी मी छावणीतल्या झाडांच्या रस्त्यांवर दोन तास एकटाच फिरलो. वेग कधीच पंचवीसच्या वर नेला नाही. मागनं येणारे हॉर्न वाजवून पुढं जात होते. सुरुवातीला प्रत्येक हॉर्नला मान खाली जायची. नंतर जाईनाशी झाली. एका वळणावर एक म्हातारा माझ्याकडं पाठ करून रस्ता ओलांडत होता. मी लांबनंच वेग कमी केला, थांबलो, तो पलीकडं पोचेस्तोवर उभा राहिलो. त्याला मी असल्याचं कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही निघालो. घराच्या पायरीला गाडी लावली. बायको पायरीवर चढली, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि दुखरा पाय हातानं उचलून पलीकडं टाकला. तिच्या हेल्मेटचा पट्टा मीच लावला. त्याआधी हेल्मेट डोक्यावर चढवताना तिच्या केसांतला तो टाक्यांचा पांढरा व्रण दिसला. रोज दिसतो. त्या दिवशी मी त्याच्याकडं बघितलं.

स्टेशनचा पूल ओलांडला. तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते, बोटं रुतल्यासारखी. महानुभाव आश्रमाच्या चौकात सिग्नल लागला. मागनं एक रिक्षा हॉर्न मारत होती, जा म्हणत होती. मी हललो नाही. तिची बोटं थोडी सैल झाली.

नक्षत्रवाडी ओलांडली आणि पुढं उसाची ट्रॉली दिसली. हंगामच तो, दिसणारच होती. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं लाल फडकं बांधलेलं. पुढचं काही दिसत नव्हतं. मी अंतर ठेवून तिच्या मागं गाडी लावली. उसाचं वाळकं पाचट उडून हेल्मेटच्या काचेवर येत होतं. मोटारसायकली भर्रकन ट्रॉलीला ओलांडून जात होत्या. दोनदा रस्ता मोकळा वाटला. दोन्ही वेळा मी गेलो नाही.

हातांना मात्र घाम सुटून मूठ निसटायला लागली होती. अशा हातांनी चालवणं बरं नव्हे, एवढं मला त्या अंगणात शिकवलं होतं. मी इंडिकेटर दिला, आरसा बघितला आणि कडेच्या एका लिंबाखाली गाडी थांबवली. ट्रॉली हळूहळू पुढं गेली. मी चावी काढली. बायकोला उतरवून मैलाच्या दगडावर बसवलं. तिनं विचारलं, "काय झालं? चक्कर येती का?"

"त्या दिवशी ट्रॉली सरळच चालली होती," मी म्हणालो. "चूक माझी होती."

ती म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"तू बेशुद्ध होतीस ना?"

"नव्हते. डोळे उघडत नव्हते, पण ऐकू येत होतं. तुम्ही काय बोललात ते बी ऐकलं, त्याला मारलेलं बी ऐकलं. त्यानं पाणी पाजलं मला." तिनं पदर शोधायला हात खांद्याकडं नेला, पदर नव्हता, ओढणीनं तोंड पुसलं. "मी वाट बघत होते. दवाखान्यात वाटलं, आज सांगतील. घरी आल्यावर वाटलं. मग वाट बघायची सोडली."

"तू का नाही बोललीस?"

"मी बोलून काय झालं असतं? ते तुमच्या तोंडून यायला पायजे होतं."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मी रडेन. दोघंही रडलो नाही. शेवटी ती म्हणाली, "चला. आक्का जेवायची थांबली असंल." आणि पाय उचलून पुन्हा मागं बसली.

चितेगावला मेहुणी काळा चष्मा लावून ओट्यावर बसली होती. आम्हाला गाडीवरनं उतरताना बघून ती घाबरलीच. "अगं, परत कशाला बसलीस? त्या ट्रॅक्टरवाल्या मुडद्यानं एकदा पाय घालवला तेवढं बास नाय का?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं. मी चपला काढल्या, मेहुणीसमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. काय म्हणालो होतो, कुणाला मार बसला, तक्रार न देता मोठेपणा कसा मिरवला.

तिनं चष्मा काढला. ऑपरेशनच्या डोळ्यातनं पाणी येत होतं ते पुसलं. मला वाटलं ती मला बोलेल. तिनं एवढंच विचारलं, "त्या माणसाला सांगितलं का हे?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग, दाजी?"

तिनं जेवायला वाढलं. भाकरी संपली की विचारत होती, पण माझ्याकडं न बघता. पुढं दोन महिने तिनं फोनवर माझी चौकशी केली नाही. त्याला माझी हरकत नव्हती.

ऊन उतरायच्या आत आम्ही परत निघालो. गाडीत चार्ज पुरेसा होता तरी मी दोनदा बघून घेतला. दुकानातल्या त्या बाईनं टायर तपासले आणि अनामत परत दिली. मी तिला म्हणालो, "तुमच्या कागदावर मी अपघाताचं कारण खोटं सांगितलं होतं. ते दुरुस्त करा." तिला काही संदर्भ लागला नसावा. पण तिनं पेन काढलं, आधीचं खोडलं आणि मी सांगितलं ते लिहून घेतलं.

त्यानंतर मी तीन वेळा गंगापूरला एसटीनं जाऊन आलो. त्या ट्रॅक्टरवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. तो गंगापूरकडचा असल्याचं अपघाताच्या दिवशी कुणीतरी म्हटलेलं, तेवढंच डोक्यात होतं. तिथल्या साखर कारखान्यासमोर ऊस घेऊन उभ्या ट्रॅक्टरच्या रांगेत मी एकेका ड्रायव्हरला विचारत गेलो, चार वर्षांपूर्वी पैठण रोडवर कुणाला मार बसला होता का. काही हसले. एकानं विचारलं, "कशाला पायजे तो? अजून भांडायचंय का?" मी म्हणालो, माफी मागायचीय. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बसायला पोतं टाकलं. त्यालाही काही माहीत नव्हतं.

तिसऱ्या वेळी बायको बरोबर आली. तिनं त्याचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. ती म्हणाली, "तुम्ही चेहऱ्यावरनं शोधा. मी आवाजावरनं वळखीन." आणि लंगडत लंगडत ती रांगेतल्या पहिल्या ट्रॅक्टरपाशी गेली, ड्रायव्हरला रामराम घातला आणि त्याच्याशी बोलत उभी राहिली.